काकासाहेबांची शाल परत करण्याबाबत

मी, पुंजाराम भिमाजी शिरसाट, वय चोपन्न, धंदा शिक्षक, राहणार तिसगावजवळची वाडी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, आज हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडला आहे तो घसा. मला कोणी भरीस घातलेले नाही की धमकावलेले नाही. आवाज कुजबुजीपुरता उरला आहे आणि हात थरथरतो, म्हणून मी सांगतो व माझी मुलगी राही लिहिते.

(लिहिणारीची नोंद: वडिलांनी बजावले आहे की त्यांचा शब्द गाळायचा नाही आणि त्यात पदरचा घालायचा नाही. मला काही सांगावे लागले तर ते असे कंसात लिहीन.)

१. दोन खणांचे घर व ओसरी राहीला. ओसरीवर मी पावसाळ्यात वाडीतली पोरे शिकवली. राही शिकली ती आत चुलीपुढे, कारण मुलीने ओसरीवर बसणे माझ्या आईला पसंत नव्हते आणि आईपुढे माझे चालले नाही. तरी सातवीला ती बाहेरून बसून पास झाली. माझा चुलतभाऊ ओसरीवर हक्क सांगायला येईल. त्याला पाणी द्यावे, ओसरी देऊ नये.

२. पुस्तकांची पेटी व भिंतीचा नकाशा राहीला. पितळी घंटेचे वेगळे सांगायचे आहे. अठरा हंगाम मी देवळाली प्रवरेला काकासाहेबांच्या उसाच्या फडात, तोडणीवाल्यांच्या वस्तीवर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, शाळा चालवली. काकासाहेब मोठे बागाईतदार. त्यांचे आडनाव माझ्या कागदात नको. "पोरं बैलांमागं हिंडत्यात, मास्तर, त्यांना दोन अक्षरं शिकवा," असे तेच म्हणाले होते. दर पाडव्याला "औंदा तुम्हाला कायम करतो" हेही तेच म्हणत. यंदा मी आजारामुळे गेलो नाही, तर त्या कोपीत खताच्या गोण्या रचल्याचे कळले. ही घंटा त्यांच्या हाती पडू नये. शेजारच्या कडूबाईला द्यावी, तिच्या म्हशीच्या गळ्यात बांधायला.

(कडूबाई साक्षीसाठी येऊन बसली आहे. ती म्हणाली, "माझी म्हैस काय साळंत जानारे व्हय, मास्तर?" वडील म्हणाले, "जाईल. ती पाडव्याची वाट बघणार नाही." हेही लिही म्हणाले.)

३. मानपत्राची चौकट फोडून तिची काच खिडकीला बसवावी. आतल्या कागदावर मला ज्ञानाचा सूर्य म्हटले आहे. तो चुलीत घालावा. हे मानपत्र कसे मिळाले ते नोंदवून ठेवतो. दिवाळीत नगरच्या डॉक्टरांनी घशातली गाठ पाहिली आणि सांगितले, मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया करा, होळीनंतर उपयोग नाही. त्याच आठवड्यात मी राहीकडून काकासाहेबांना पत्र लिहवून घेतले. उत्तर आले नाही. संक्रांत झाल्यावर त्यांची जीप दारात आली. राहीने दवाखान्यासाठी माझ्या कपड्यांचे गाठोडे बांधले.

जीप थांबली ती मांडवापाशी. माझा सत्कार होता. पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती म्हणून उशीर झाला, असे तिथे समजले. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि तीन तास भाषणे. मग मला उत्तराला उभे केले. मी माईकला तोंड लावून म्हणालो, "मला मुंबईला न्या. मला अजून जगायचं आहे." कर्णा शिट्टी मारत होता. टाळ्या पडल्या. काकासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना सांगितले, "मास्तर भारावून गेलेत. त्यांच्याच्यानं बोलवंना." पुन्हा टाळ्या. राहीच्या मांडीवर ते गाठोडे तसेच होते.

नारळ कडूबाईच्या नातवंडांनी खाल्ला. मला गिळता येत नाही हे काकासाहेबांना ठाऊक होते. पत्रात स्पष्ट लिहिले होते.

(इथे माझा हात थांबला. पत्रात ते लिहिलेले नव्हते. वडिलांनी सांगितले होते, 'घशात गाठ आहे, गिळता येत नाही, मुंबईच्या दवाखान्याचा खर्च आणि सोबत एक जाणता माणूस द्या' असे सरळ लिही. सरळ मागायची मला लाज वाटली. मी दीड पान अठरा हंगामांच्या सेवेवर लिहिले आणि शेवटी एवढेच घातले: 'हल्ली त्यांची प्रकृती साथ देत नाही, तरी सेवेची यथोचित दखल घ्यावी.' काकासाहेबांनी दखल घेतली. मी हे जवळजवळ चार महिने लपवले. वडिलांच्या मृत्युपत्रात खोटे वाक्य माझ्या हाताने जाऊ नये म्हणून आत्ता त्यांना सांगितले.

पोस्टमन गोरक्षभाऊ साक्षीसाठी थांबले होते. ते म्हणाले, "आन् ते पत्र म्याच नेलं! मला वाटलं मास्तरांनी काकासाहेबांना फैलावर घेतलं आसंल." कडूबाई म्हणाली, "थंडी वाजती म्हून लिवलं हुतंस का गं, तर त्यांनी शाल दिली?"

वडील म्हणाले, "असं पत्र लिहायला तुला मीच शिकवलं." वरचे वाक्य खोडू का, असे मी विचारले. "राहू दे. खाली चौथं कलम घे.")

४. काकासाहेबांवरचा माझा राग मी निम्मा मागे घेतो. उरलेला निम्मा अठरा हंगामांचा आणि खताच्या गोण्यांचा आहे; तो कायम. मागे घेतलेला निम्मा मी राहीवर ठेवत नाही. तो माझ्याबरोबर जाईल.

५. शाल. हे कलम मी जिवंत असतानाच अमलात आणायचे आहे. राहीने ती शाल घेऊन देवळाली प्रवरेला जावे. पोस्टाने पाठवू नये, चिठ्ठी जोडू नये. ओट्यावर चार माणसे बसलेली असताना शाल काकासाहेबांपुढे ठेवावी आणि मोठ्याने म्हणावे: "माझ्या वडिलांना शाल नको. त्यांना होळीच्या आत मुंबईला न्या." सेवेचा उल्लेख करू नये. डोळ्याला पदर लावू नये. 'बघू' म्हणाले तर तिथेच बसून राहावे. त्यांनी नेले, तर वरची सगळी कलमे थांबतील. न नेले, तर शाल त्यांच्या ओट्यावरच सोडून यावे. मला स्मशानात नेताना ती माझ्या अंगावर नको.

(गोरक्षभाऊंनी मला सांगितले की घर तुला मिळणार आहे, म्हणून तुला साक्ष करता येणार नाही. वाडीतली बाकी माणसे ऊसतोडीला गेली आहेत, म्हणून हे दोघेच साक्षीदार. वडिलांनी पाचव्या कलमातले वाक्य माझ्याकडून उभे राहून म्हणवून घेतले. चौथ्या वेळेला कडूबाई म्हणाली, "आता तिसगावापत्तूर ऐकू गेलं." वडील म्हणाले, "देवळाली लांब आहे. पुन्हा म्हण.")

मजकूर वाचून घेतला, मान्य आहे.
पुंजाराम भिमाजी शिरसाट

साक्षीदार:
गोरक्ष रंगनाथ वाघ, पोस्टमन
कडूबाई दगडू पालवे (अंगठा नाही. सही मास्तरांनीच शिकवलेली आहे.)

लिहिणार: राही पुंजाराम शिरसाट. उद्या पहिल्या एसटीने देवळालीला जात आहे.

ठिकाण: मास्तरांची ओसरी
तारीख: १० फेब्रुवारी १९७२. होळीला एकोणीस दिवस.