भिंतीकडे झुकलेले रबराचे झाड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम (डोळ्यांनी बंद पाडला), राहणार याच घरात, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. पुढे वकिलांनी "माझी स्मरणशक्ती शाबूत असून" असे घातले होते. ते मी खोडायला लावले. त्याऐवजी डॉक्टरीणबाईंनी मला तपासून जे सांगितले तेच लिहिते. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही काय केलंत ते विसरता. कुणाला काय द्यायचं ते नाही विसरत. मृत्युपत्राला एवढं पुरतं." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात घर सरसकट मुलाला दिले होते, ते रद्द समजावे.

१. बँकेतील ठेव आणि शिवणयंत्र मुलाला द्यावे. यंत्र विकले तरी माझी हरकत नाही, मात्र आधी तेल घालावे.

२. छाटणीची कात्री शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना द्यावी. त्यांनी कुंपणावरून हात घालून माझ्या जास्वंदीची फांदी ओरबाडून नेली आणि आता "आमची जात वेगळी आहे" असे लोकांना सांगतात. पुढच्या वेळी निदान कापून न्यावी. माफी अर्धी दिली आहे, उरलेली त्यांनी मागितली असती तर विचार केला असता.

३. घरातील झाडांविषयी. कुंड्या फिरवू नयेत. झाडाला आपली खिडकी ओळखू द्यावी, ते तिच्याकडे झुकते तर झुकू द्यावे. उन्हाळ्यात दुपारी पडदा ओढावा आणि पाणी सकाळीच घालावे. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या रोज रिकाम्या कराव्यात. थंडीत हात आखडता घ्यावा. झाडे झोपलेली असतात आणि झोपलेल्याला कोणी उठवून पाणी पाजत नाही. थंडी सरत आली की रबराच्या झाडाच्या टोकाची लाल टोपी सुटते आणि आतून नवे पान उलगडते. ते पाहत बसावे, चहा गार झाला तरी चालेल. माझा त्यापायी किती चहा गार झाला असेल, त्याला गणती नाही.

पाणी घालण्याआधी पेरभर बोट मातीत खुपसून पाहावे. हे मी अख्ख्या गल्लीला शिकवले. स्वतः मात्र "मला नुसत्या नजरेने कळते" अशा तोऱ्यात बोट घालणे कधीच सोडून दिले होते. त्याचे काय झाले ते पुढच्या कलमात आहे. वकील म्हणाले की मृत्युपत्रात असले काही लिहीत नाहीत. मी म्हटले, मग कुठे लिहितात ते सांगा.

४. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर गेल्यापासून ती माझ्याच घरात, मागच्या खोलीत राहते. तिला झाडाचे नाव विचारले तर "हिरवं" म्हणेल. तिच्या टेबलावर प्लास्टिकचे गुलाब असतात. दर रविवारी ती ते साबणाच्या पाण्यात धुते आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घालते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दोरी दाखवून मी म्हणत असे, "आमच्या धाकटीच्या बागेला कीड म्हणून लागत नाही." सगळे हसत. तीही हसायची.

या थंडीत एका सकाळी मला रबराचे झाड भिंतीकडे झुकलेले दिसले. माझी सगळी झाडे खिडकीकडे झुकतात, हे एकटेच पाठ फिरवून उभे. झाडणाऱ्या बाईने कुंडी फिरवली असेल म्हणून पाहिले, तर कुंडीची चीर नेहमीच्याच बाजूला होती. मग माती पाहिली. तिच्यात नारळाच्या काथ्याचा भुगा होता. मी आयुष्यात कधी तो वापरलेला नाही.

मी रोपवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "तुमच्या मागच्या खोलीतल्या बाई ना? येतात की नेहमी. रुमालात पान गुंडाळून आणतात, म्हणतात, अस्संच द्या. उंची सुतळीला गाठ मारून आणतात."

"कशाला लागतात तिला इतकी झाडं?"

"मुळं कुजतात म्हणाल्या. घरात पाणी जरा जास्त होतं म्हणे."

कोणाच्या हातून होते, ते तिने त्यालाही सांगितले नव्हते. मी झारी भरते, पाणी घालते, विसरते, आणि पुन्हा भरते. झाडे मी मारत होते आणि जिला पानापानातला फरक कळत नाही ती माझ्या नकळत त्याच कुंडीत तसेच झाड लावून ठेवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

याहून लाजिरवाणे पुढे आहे. हे कळल्यानंतरच्याच आठवड्यात पाहुणे आले. त्यांनी रबराच्या झाडाचे कौतुक केले आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "हात लागतो हो माझा." धाकटी समोर चहा ओतत होती. तिने मान डोलावली. त्या दिवसापासून मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवू शकलेले नाही, आणि त्या झाडांविषयी तोंड उघडून एक शब्दही बोलू शकलेले नाही.

५. घर मुलाच्या नावे होईल. परंतु धाकटी हयात असेतो ते विकता, भाड्याने देता किंवा तिला तेथून हलवता येणार नाही. तिने मागची खोली सोडून खिडकीच्या खोलीत राहावे. मुलगा मागे फोनवर म्हणाला होता, "काकूची कुठेतरी सोय बघू." सोय सामानाची लावतात. बाळा, मी विसरते हे तुला या कागदावरून कळते आहे, आणि त्याचा आधार घेऊन हे मृत्युपत्र मोडता येईल असे तुझ्या मनात येईल. तिला ते तुझ्याआधी कळले होते. तिने त्याचे काय केले, तेही याच कागदावर आहे.

६. धाकटीने साक्षीदार व्हायची तयारी दाखवली होती. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष द्यायची नसते, म्हणून मी नको म्हटले. कारण सांगायला माझी जीभ रेटली नाही. "बरोबर आहे," ती म्हणाली, "माझी सहीपण प्लास्टिकचीच." आणि हसली. या वेळी मला हसू आले नाही.

७. मी गेल्यावर माझ्याजवळ ताजी फुले आणू नयेत. धाकटीचे गुलाब, रविवारी धुतलेले, उशाशी ठेवावेत. ते तिच्याकडे मागून घ्यावेत, न विचारता उचलू नयेत.

ठिकाण: राहते घर, खिडकीची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो. रबराला लाल टोपी आली आहे.
सही: धाकटीची ताई

साक्षीदार: १. रोपवाला (सही) २. डॉक्टरीणबाई (सही)

सह्यांनंतर, दोन्ही साक्षीदारांसमोर जोडलेला मजकूर: सह्या वाळेपर्यंत मी सवयीने झारी भरून रबराच्या झाडाकडे निघाले. धाकटी साक्षीदारांसाठी चहा घेऊन आत येत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, घातलंय पाणी."

"कुणी?"

"तुम्हीच. मघाशी."

मी झारी खाली ठेवली. सगळ्यांच्या देखत म्हटले, "मला आठवत नाही गं घातलेलं." इतके दिवस जे तिला सांगायला धजत नव्हते, ते असे, परक्यांसमोर, झारीशेजारी उभी राहून बोलून गेले.

तिने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, झारी उचलली आणि म्हणाली, "मला आठवतं ना."

हेही मृत्युपत्राचाच भाग समजावे.

पुन्हा सही: धाकटीची ताई