न पडलेला स्क्रू

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार घालायचा तर पोटावर पालथं पडावं लागतं आणि पोटाची त्याला सध्या हरकत आहे, म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? काकांचा गुडघा काय म्हणतो? आणि कानातलं सापडलं का? (हे विचारल्याशिवाय आपल्या घरातून तुला पत्र जात नाही. चार माणसं जमली की तू हटकून दिसेनाशी व्हायचीस आणि मग आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगामागे, फरशीवर आडवी सापडायचीस. का, तर कानातलं पडलंय, शोधतेय. आई अजून म्हणते, हिच्या एकटीच्या जिवावर सोनाराने घरावर मजला चढवला.)

वि. वि. इकडची खुशाली कळवायची पद्धत आहे, पण खुशाली नाही, तेव्हा सरळ हकीकतच लिहिते. त्या दिवशी फोनवर 'आवाज का खोल गेलाय' विचारलंस तेव्हा मी सर्दी म्हणाले. सर्दी नव्हती.

माझं काम तुला ठाऊकच आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत बसायचं, माणसांच्या नाकावर तपासणीची ती अवजड फ्रेम चढवायची, भिंगं बदलायची आणि विचारायचं, आता स्पष्ट की मघाशी? गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. 'तुम्हाला अंधुक दिसतच नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं मी कुणाला म्हटलं, तर मालक त्याच दिवशी मला घरचा रस्ता दाखवतील. (हा नियम डॉक्टर लोकांनाही लागू असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.)

तर त्या दिवशी खुर्चीत एक निवृत्त हेडमास्तर होते. नंबर वाढलाय आणि जुन्या चष्म्याची काडी डुगडुगते, अशी दुहेरी तक्रार घेऊन आलेले. तिसरं भिंग चढवलं आणि माझ्या पोटात ती नेहमीची कळ आली, आतून कुणी ओला कपडा पिळावा तशी. मी हळूच फरशीवर बसले, मग आडवी झाले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले, की स्क्रू पडलाय, शोधतेय. आता सभ्य माणसाने 'बरं' म्हणून खुर्चीत बसून राहावं की नाही? पण हेडमास्तर पडले हेडमास्तर. ती फ्रेम नाकावर तशीच ठेवून गुडघ्यांवर उतरले. आवाज ऐकून मालक आले. एका स्क्रूसाठी जीव टाकणारा माणूस तो, तेही टॉर्च घेऊन वाकले. दोन कर्ते पुरुष एका नसलेल्या स्क्रूसाठी माझ्याभोवती रांगताहेत आणि मी गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून, 'कपाटाखाली बघा' असं मार्गदर्शन करतेय. (मालकांना कपाटाखाली एक पेन आणि गेल्या वर्षी हरवलेली किल्ली मिळाली, त्यामुळे शोधमोहीम वाया गेली असं म्हणता येणार नाही.) कळ ओसरायला लागली तसा मला दुसराच घोर लागला, आता स्क्रू आणायचा कुठून? तेवढ्यात हेडमास्तर ओरडले, 'सापडला!' बघते तर त्यांच्या तळहातावर खरोखरच स्क्रू. देवाची करणी आणि नारळात पाणी. मालकांनी माझ्या निष्काळजीपणावर दोन शब्द ऐकवले आणि विषय संपला.

पोटाचं म्हणशील तर हे शाळेपासूनचं. पहिल्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी थोडं सोसायला शिका म्हणून सांगितलं. लग्नानंतर दिवस राहीनात, तेव्हा तिसऱ्या म्हणाल्या, मूल झालं की दुखणं आपोआप थांबेल. चौथे म्हणाले, दुखणं थांबलं की मूल आपोआप होईल. (या दोघांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घालावी, असं आमच्या गृहस्थांचं मत आहे.) पाचव्यांच्या मते सगळं मनाचंच होतं, त्यांनी एखादा छंद लावून घ्यायला सांगितलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गृहस्थांनी बिचाऱ्यांनी हौसेने बासरी आणून दिली. फुंकली की पोटात दुखतं.

मावशी, आमच्या घरात एक लहान खोली आहे. तिथे सध्या कपडे वाळत घालतो असं आम्ही म्हणतो, आणि हे 'सध्या' आता सहा वर्षांचं झालंय. दर महिन्याला कळ येते ती एकटी येत नाही, 'याही वेळी नाही' असा निरोप घेऊन येते. मग मी रडते ते दुखण्यापायी की त्या निरोपापायी, माझं मलाच कळत नाही. मला मूल हवंय. असं सरळ मी कुणालाच म्हटलेलं नाही. सासूबाईंना तर नाहीच, कारण त्या लगेच रडतात आणि मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते.

असो. पुढच्या आठवड्यात हेडमास्तर नवा चष्मा न्यायला आले. जुना काढून टेबलावर ठेवला, तर त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. स्क्रूच नव्हता. त्या दिवशी अंधारात आपल्याच चष्म्याचा डुगडुगता स्क्रू काढून त्यांनी माझी थाप खरी करून दिली होती! मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी छताकडे पाहिलं. मालक लांब आहेतसं बघून हळूच म्हणाले, "माझ्या लेकीचंही दर महिन्याला काहीतरी पडायचं, बाळ. मला कळायला फार वर्षं लागली. तिच्या डॉक्टरांचा पत्ता देऊ का?"

त्या डॉक्टरीणबाईंनी 'सांगा' म्हटलं आणि माझं बोलून होईपर्यंत मध्ये एक शब्द काढला नाही. मग तपासण्या झाल्या. दुखण्याला नाव आहे, मावशी. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर, नको तिथे वाढतं, सुजतं आणि आतल्या गोष्टी एकमेकींना चिकटवून ठेवतं. पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरलीय. मूल होईलच असं वचन देत नाही म्हणाल्या, शक्यता वाढेल एवढंच. पण तुमचं दुखणं खरं आहे असं म्हणाल्या, आणि मी तिथेच, त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून, हमसून हमसून रडले. चांगली बातमी म्हणजे दुसरं काय असतं?

काळजी करू नकोस. आईला सांगू नकोस (सांगशीलच). काकांना नमस्कार.

तुझी,
उभी भाची

ता. क. शस्त्रक्रियेच्या दिवशी गृहस्थ सोबत असतीलच, पण रक्त बघितलं की ते स्वतःच आडवे होतात. एक तरी माणूस उभं हवं. येशील?

ता. क. २ वरचं कारण खोटं आहे. गृहस्थ चांगले खंबीर आहेत (हे पत्र त्यांना दाखवू नकोस). खरं असं, की डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं दुखायचं का? मी पटकन नाही म्हणाले. जिना उतरताना गाद्यांचा ढीग आठवला आणि तशीच परत वर गेले. तुला मूल नाही ते तू नाजूक, तुला जबाबदारी नको म्हणून, असं आपल्याकडे सगळे म्हणत आले आणि तू एकदाही उलटून बोलली नाहीस. तुझं कानातलं कधी हरवलंच नव्हतं ना गं? दुखणं अजून थांबलेलं नाही, हेही मला माहीत आहे. मामाच्या घरी परवा तू आतल्या खोलीतच होतीस. माझ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बाईंकडे तुझा नंबर लावलाय. तुला न विचारता लावलाय. रागाव, पण ये.

ता. क. ३ तपासणीच्या वेळी दागिने काढायला लावतात, तेव्हा कानात काही घालून येऊ नकोस. तिथे पलंग आहे आणि आडवं व्हायला कारण सांगावं लागत नाही.