माझा मेंदू, माझे आतडे आणि रूपालीची संमती

मी, नेमिनाथ आदगोंडा मगदूम, वय ६८, मूळचा हुपरीचा चांदी कारागीर, सध्या मुलीकडे कोल्हापुरात राहणार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मला कंपवात, म्हणजे पार्किन्सन आहे. हात थरथरतात, जीभ अडखळते. समज शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. हुपरीचे घर व बँकेतील शिल्लक मुलगी रूपाली हिला.

२. ऐरण, चिमटे व फुंकणी कामगार पिराजी याला. माझा हात पैंजणाच्या कडीवर ठरेना, तेव्हा माझ्या वाटणीचे सांधे तो न बोलता जोडून ठेवी.

३. धाकटा भाऊ देवगोंडा याला काहीही नाही. भरल्या कारखान्यात तो म्हणाला होता, "दादा चोरून पितोय की. हात बघा त्याचं." पत्नी राजमती डबा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "व्हय, पितोय की! गाळल्यालं पाणी पितोय!" आम्ही जैन, पाणीसुद्धा गाळून पिणारे. कामगार हसले. घरी येऊन ती रडली. ती गेली, तरी देवगोंडाने तो शब्द मागे घेतला नाही.

४. माझा मेंदू व आतड्याचा भाग संशोधनासाठी द्यावा. उरलेल्या देहाला आमच्या रीतीने अग्नी द्यावा. हात कापू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून माझे पोट साफ होत नसे. राजमती एरंडेल देई. पुढे वास येईनासा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काहींच्यात हा आजार आतड्यातच सुरू होत असावा. तिथल्या जिवाणूंचाही त्यात हात असेल. पण खात्रीनं अजून कुणालाच सांगता येत नाही."

रूपाली नको म्हणाली. "अप्पा, अग्नीला माणूस अख्खा द्यायचा असतो."

मी म्हणालो, "तुलाही हल्ली एरंडेल लागतंय, बाळ."

पोटाची तक्रार शंभर कारणांनी होते, भिऊ नको, असे डॉक्टरीणबाईंनी तिला समजावले आहे. मला मात्र झोप नाही. चार दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, "द्या, अप्पा." संमतीपत्रावर तिने सही केली आहे.

५. प्राण गेल्यावर माझे हात थांबतील. ते घाईने झाकू नयेत. रूपालीला ते थोडा वेळ हातात घेऊन बसू द्यावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सही जमत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.

नेमिनाथ आदगोंडा मगदूम (अंगठा)

साक्षीदार, आमच्या समक्ष:
१. विजयसिंह आकाराम भोसले (सही)
२. तेजस्वी उदयसिंह घाटगे (सही)

कोल्हापूर, १४ नोव्हेंबर २०२४