सतार जुळवायला मिरजेला

३ नोव्हेंबर १९४९, सातारा

दारूबंदी येणार म्हणून दोन थोराड बाप्ये माझ्या ओटीवर बसून उसासे टाकत होते! यांचे कॉलेजातले मित्र. हंबीरराव — लष्करातून कॅप्टन होऊन परत आलेत, घरातसुद्धा हुकूम सोडल्यासारखं बोलतात. आणि नानासो, माधवनगरच्या गिरणीत आहेत. सुतक कसलं, तर मिरजेच्या स्टेशनाजवळचा गुत्ता बंद होणार!

पंचवीस वर्षांपूर्वी सांगलीला शिकत असताना पोरं तिथे जायची. वसतिगृहाच्या रेक्टरनं हटकलं की उत्तर ठरलेलं — "सतार जुळवायला मिरजेला चाललोय." मिरजेत सतारी करणाऱ्यांची गल्लीच आहे. रेक्टर बिचारा मान डोलवायचा!

"वैनी, आमी शनवारी जायचो," हंबीरराव म्हणाले. "पन तुमचं मालक लय बिलंदर! दर गुरवारी, एकलंच! म्हनायचा, तुमच्या कालव्यात मला पिता येत न्हाई."

नानासोंनी री ओढली. "आन परत आला की कुनाशी बोलायचा न्हाई. डोळं मिटून पडायचा. आमी म्हनायचो, गड्याला चढली!"

हे नुसते हसले. वीस वर्षांच्या संसारात या माणसानं थेंब घेतलेला मी पाहिला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणतात, कॉलेजात पोटभर झाली. मग गुरुवारी एकट्यानं असं काय ढोसत होते?

४ नोव्हेंबर

सुलानं आज धीर केला. जेवताना म्हणाली, "बाबा, मनुबाईंकडे सतार शिकायला जाऊ?" मनुबाई आमच्या मागच्या आळीत राहतात, पोरींना गाणं-वाजवणं शिकवतात.

हे एकदम ओरडले, "सतार या घरात येणार नाही!"

सोळा वर्षांत पोरीवर आवाज चढवला नव्हता. ती ताटावरून उठून गेली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त नवल वाटलं. नाही म्हणायचं तर म्हणावं, पण इतकं झोंबायला काय झालं?

५ नोव्हेंबर

सुला बोलत नाही. हे बोलत नाहीत. मी मांजराशी बोलतेय.

६ नोव्हेंबर

डोक्यात किडा शिरलाय. दर गुरुवारी. एकटेच. आल्यावर डोळे मिटून पडणं. आणि नुसतं सतारीचं नाव काढलं तर भडका! मिरजेत कुणी बाई होती का? वाजवणारी? इथे नाही लिहायचं तर कुठे? पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाईचा मत्सर करायचं माझं वय आहे का! तरी होतोय.

दोस्तमंडळी गुत्ता शेवटचा बघायला मिरजेला निघालीत. मी म्हटलं, मीही येणार.

"बाईमाणूस गुत्त्यात?" — हे.

"आत कोण येतंय? टांग्यात बसेन."

हे इतके अवघडले की माझा निश्चय पक्का झाला.

९ नोव्हेंबर, माधवनगर

आगगाडीनं काल इथे आलो. उतरलोय नानासोंकडे, सुलाला घेऊन. ती आज धोंडुबाईंजवळ — म्हणजे नानासोंच्या मंडळींजवळ — राहिली, आणि आम्ही चौघं मिरजेला गेलो.

गुत्ता म्हणजे काय असेल असं वाटलं होतं! पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, आंबूस वास. दारात साळूबाई म्हणून एक म्हातारी भजी तळते. तेव्हाही तळायची. हंबीरराव टांग्यातून उतरायच्या आधीच तिनं त्यांना आवाजावरून ओळखलं. "आवं, ह्यो तर भज्यात मीठ न्हाई म्हनून भांडनारा!" नानासोंनाही ओळखलं. मग यांच्याकडे बघत राहिली.

"हे कोन?"

"आगं, ह्यो दादासो! दर गुरवारी यायचा की!" नानासो म्हणाले.

"न्हाई बा," म्हातारी म्हणाली. "गुरवारी कोन यायचं ते मला ठावं हाय. हे न्हाई."

हंबीरराव म्हणाले, म्हातारी विसरली. मी यांच्या कानांकडे बघत होते. लालबुंद! म्हातारी काही विसरलेली नव्हती.

मग मीच म्हटलं, आलोच आहोत तर सतारींची गल्ली बघू. हे नको नको म्हणत मागून आले. एका दुकानात कारागीर कुणाला तरी नवी सतार वाजवून दाखवत होता. हे रस्त्यातच थबकले आणि पुटपुटले, "जोडीची तार उतरलीय." कारागिरानं वर पाहिलं, तार छेडली, खुंटी पिळली. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

१० नोव्हेंबर, माधवनगर

सगळं कळलं. सकाळी उसाच्या बांधानं फिरायला गेलो तेव्हा मी सरळ विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"गुरुवारवालीचं."

आधी कळलंच नाही यांना. मग इतके हसले की बांधावरच बसले. म्हणाले, "अगं, सतार जुळवायला म्हणजे सतार जुळवायलाच जात होतो! तीन वर्षं शिकलो. रेक्टरला मी खरंच सांगायचो आणि पोरं डोळे मिचकावायची. मीही मिचकावू दिले. वसतिगृहात सगळे तालीमबाज. पितो म्हटलं की पाठीवर थाप पडायची. सतार वाजवतो म्हटलं असतं तर नाच्या म्हणून हाक मारली असती."

आणि मग हसू थांबलं. सुट्टीत सतार मेढ्याला घरी नेली होती. मामंजी सुभेदार. म्हणाले, "तुला बी.ए. करायला धाडलंय का तमाशाचा फड काढायला?" परत देऊन यायला लावली. पुन्हा हात लावला नाही.

"मग पोरीवर का तोच सूड?" मी विचारलं.

"सूड नाही गं. चार वर्षं शिकेल, जीव जडेल, आणि सासरचे सोडायला लावतील. ते कसं असतं मला माहीत आहे."

मला रडू आलं. वीस वर्षं एका ताटात जेवलो आणि हे पोटात ठेवलं! पण राग गेला नाही. म्हटलं, "सासरचे काय करतील ते सासरी. आत्ता ती माझ्या घरात आहे."

हे उठले, धोतराची माती झटकली. मग म्हणाले, "मनुबाईंना विचार."

११ नोव्हेंबर

परतीच्या गाडीत सुलाला सांगितलं. आनंदानं उडी मारेल वाटलं होतं. पांढरीफटक पडली! या पोरीचं काही कळत नाही.

१३ नोव्हेंबर, सातारा

आम्ही दोघं मनुबाईंकडे गेलो. सुला यायलाच तयार नव्हती, ओढून नेली. हे अगदी अदबीनं म्हणाले, "हिला पहिल्यापासून शिकवा."

मनुबाई चकित. "आवं, पहिल्यापासनं कशाला? दीड वरीस झालं की येतीया! तुमीच धाडताय न्हवं?"

दीड वर्ष! आणि मी समजत होते पोरगी शिवणाच्या वर्गाला जाते! तरीच एक झंपर सरळ शिवता येईना!

सुला मान खाली घालून उभी. आता आभाळ कोसळणार म्हणून मी पुढे झाले. पण यांनी तिचा डावा हात धरला, उलटा केला, आणि तारांनी घट्टे पडलेल्या बोटांवरून अंगठा फिरवत विचारलं, "अजून दुखतं का गं?"