लेन्स की डोळा

सोमवार, संध्याकाळ

स्वयंपाक राहू दे, आधी हे लिहिते.

सात रस्त्याजवळच्या सलीमचाचांच्या स्टुडिओत त्यांची जुनी लेन्स विकत घ्यायला गेले होते. मांडवातल्या कमी उजेडातही चालणारी, हाताने फोकस करायची. चाचींना दारात बसवून बरेच फोटो काढले. प्रत्येक फोटोत कान स्पष्ट, डोळे धूसर.

"चाचा, लेन्समध्येच दोष आहे," मी जरा चिडूनच म्हणाले.

त्यांनी कॅमेरा घेतला, रिंग फिरवली आणि एकच फोटो काढला. चाचींची पापणी न् पापणी दिसत होती.

"एकेक डोळा झाकून त्या चौकटीकडं बघ की बेटा."

डावा झाकला, तर दाराची चौकट मधोमध वाकलेली. उजवा झाकला, तर सरळ. पुन्हा डावा झाकला. वाकडीच. ज्या उजव्या डोळ्याने मी फोकस करते, त्याला कधीपासून अशी दिसत असेल? आणि मला कळलंही नाही?

काय करावं सुचेना, म्हणून लेन्सचे पैसेच पुढे केले. चाचांनी घेतले नाहीत.

"लेन्स कुटं पळून जात न्हाय. आदी डॉक्टरकडं जा, उद्याच. माझ्या भावाचं असंच झालतं, त्यानं लई उशीर केला."

घरी येऊन नवऱ्याला फोन केला. महेश म्हणाला, "सकाळी रजा टाकतो." रविवारच्या लग्नाच्या फोटोंचं काम आता कुणाला द्यायचं? नवरीच्या आईला काय सांगायचं?

महेश आत्ताच आला. त्याने खुंटीवरची माझ्या स्कूटरची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.