केतकीसाठी घेतलेली गाडी

रवि. २ सप्टें. २०१८
गाडी आली. जुनी, डिझेल, अंगानं छोटी पण जमिनीपासून चांगली उंच. सुनंदाला सांगितलं, आता दर रविवारी लातूरला केतकीला भेटायला जाताना एस.टी.चे हाल नकोत. खरंच त्यासाठीच घेतली. निदान दुपारपर्यंत तरी. दुपारी शाळेतले शेख सर आले, वाकून खालून बघितलं अन् म्हणाले, "यार, ही तर रानात घालायची चीज हाय!" तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

हे रानाचं खूळ केतकीला कळू द्यायचं नाही. बारावी, त्यात नीट. जूनमध्ये होस्टेलला सोडताना मीच म्हणालो होतो: तुझी परीक्षा होईपर्यंत घरात टीव्ही बंद, लग्नंकार्यं बंद, माझी भटकंती बंद. तिघांचा मिळून उपास. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गुरु. ६ सप्टें.
शाळा सुटल्यावर थेट देगलूर नाका, मस्तानभाईंचं गॅरेज. गाडी वर चढवली. मागचे दोन्ही शॉकप गळतात. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उघडंच, एक दगड लागला की खेळ खलास. लोखंडी पाटी ठोकायला सांगितली. मोबाइलवर रुंद, खरबरीत टायर दाखवले. मस्तानभाई बघून हसले. "सर, हे वाळूतलं काम. आपल्या काळ्या रानात चाकाचा लाडू होतंय. कंपनीचंच माप ठेवा, नक्षी जरा खोल घ्या. अन् वल्ल्या रानात जाऊच नका." शेवटचं वाक्य आवडलं नाही.

रवि. ९ सप्टें.
लातूरला गेलो नाही. शॉकप आजच बदलून मिळत होते. सु. पहाटेच्या एस.टी.नं एकटी गेली. गाडी घेतली कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. संध्याकाळी आली. म्हणाली, "केतकी विचारत होती. मी सांगितलं, बाबाला पेपर तपासायचेत."
"खोटं कशाला सांगितलंस?"
"मग काय सांगू? चाकं तपासून राहिलेत म्हणून?"


मंगळ. ११ सप्टें.
पाटी बसली. खोल नक्षीचे टायरही, कंपनीच्याच मापाचे. पुढं ओढायचा हूक. फावडं, टोचनचा पट्टा, हवा भरायचा छोटा पंप घेतला. रोज मधल्या सुट्टीत तेच व्हिडिओ. नववीच्या वह्या तशाच पडल्यात. लाज वाटते, पण तेवढ्यापुरती.

रवि. १६ सप्टें.
घरी महालक्ष्म्या. कोणीच गेलं नाही. के.शी वॉर्डनच्या फोनवर दोन मिनिटं बोलणं. "अभ्यास?" "चालू आहे." "जेवण?" "बरं आहे." मी पण बरंच आहे म्हणालो.

रवि. २३ सप्टें.
हे लिहायलाच हवं.

आज विसर्जन, म्हणून सु. घरी. तिनं पुरणपोळ्यांचा डबा दिला, के.ला गरम गरम खाऊ घाला म्हणाली. निघालो. चाकूरच्या अलीकडे डावीकडे एक गाडीवाट दिसली. म्हटलं दहा मिनिटं. नवे टायर, नवे शॉकप, बघू तरी. वाट वरून कोरडी होती. कोणीतरी शेताला पाणी दिलेलं, ते खालून मुरलेलं. चाकं जागीच फिरायला लागली अन् मस्तानभाईंचा लाडू समोर दिसला. हवा कमी केली, फावड्यानं खणलं, तुराट्या घातल्या. गाडी पोटावर बसली. ट्रॅक्टर मिळेपर्यंत चार वाजले. टोचन करून बाहेर निघालो तेव्हा पाच. होस्टेलचं फाटक सहाला बंद होतं, अन् लातूर अजून तासाभराच्या वर.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सर, जेवला का?" डबा उघडला. मी दोन खाल्ल्या, त्यानं तीन.

घरी सु.नं विचारलं, "खाल्ल्या का?" म्हणालो, हो, दोन खाल्ल्या. इतका हलकट मी कधी नव्हतो.

बुध. २६ सप्टें.
सु.चं के.शी बोलणं होतं आज. मी अंगणात गाडी धूत बसलो, कान आत. आता फुटणार. काहीच फुटलं नाही. सु. हसत बाहेर आली. पोरीनं मला सांभाळून घेतलं! का?

रवि. ३० सप्टें.
सु. कालच माहेरी गेली. दर वर्षी या तारखेला जाते. थोरली बहीण भूकंपात घराखाली गेली, पंचवीस वर्षं झाली. होस्टेल बघताना तिनं एकच अट घातली होती, खोली तळमजल्यावर पाहिजे.

मी दहाच्या आधी फाटकावर. के. आली. वाळलीय. गाडीकडं बघितलं.
"कोणाची?"
"आपली. महिना झाला."
आत बसली. म्हणाली, "मागच्या रविवारी मी सहापर्यंत फाटकावर होते."

सगळं सांगितलं. वाट, चिखल, पोळ्या, आईला मारलेली थाप. माफी मागितली.  ती काचेतून बाहेर बघत होती.

"आईला का नाही सांगितलंस?"
"आईनं तुम्हाला विचारलं असतं. मग तुम्ही मला टेस्टचं विचारलं असतं." माझ्याकडं बघितलं. "बाबा, मी ऑगस्टपासून टेस्ट देत नाहीये. हात थरथरतो. बाथरूममध्ये बसून राहते."
"अगं, मग बोलायचं नाही?"
"तुम्हाला माहीत होतं ना! दर सोमवारी क्लासमधून पालकांना टेस्टचा मेसेज जातो. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, बाबाला चालतंय. बाबा थांबलाय माझ्यासाठी."

मोबाइल काढला. टायरवाल्याचे मेसेज, शेख सरांचे व्हिडिओ, अन् मधे मधे क्लासचे. न उघडलेले. सात. प्रत्येकात तिचं पूर्ण नाव अन् पुढं गैरहजर.

रागवायला मला तोंड नव्हतं. जवळ घेतलं. रडली, मी पण.

सहा वाजता स्वतःच उतरली. राहायचं का घरी यायचं, ते पुढच्या रविवारी सांगते म्हणाली. "आईला तुम्ही सांगा. मला नाही जमणार." फाटकातून आत जाईपर्यंत बघत राहिलो. एकदाही वळली नाही.

सोम. १ ऑक्टो.
दुपारी मेसेज आला. वर्गातच उघडला. गैरहजर.

सु. चारच्या एस.टी.नं आली. दोन दिवसांत थकलीय. आंघोळ करून आता चहा टाकतेय. आतून विचारलं, "काय म्हणाली हो माझी डॉक्टरीणबाई?"

दोनदा विचारलं. हे एवढं लिहून उठतो.