सारवलेली भिंत

१४ जून

पोचलो एकदाचे! औरादहून जीपमधून आलो. माझ्या मांडीवर यशू, यशूच्या मांडीवर कुकर आणि पाठीला कुणाचं तरी कांद्याचं पोतं. इथल्या मराठी शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून हे वर्ष काढायचंय. नागेश पुण्याला कारखान्यात, मी आणि चार वर्षांची यशोधरा इथे.

खोलीची धास्ती होती. दोन घरांत आमचं आडनाव ऐकलं आणि रिकामी खोली एकाएकी भरलेली निघाली. चंद्रम्मा अक्कांनी आडनाव विचारलंच नाही. लेकरू जेवलंय का, एवढंच विचारलं. मी तिथेच त्यांची झाले.

अक्कांच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, डाव्या गालावर रुपयाएवढा जुना, खोलगट व्रण. मुलगा शिवकुमार अण्णा शेती बघतात. खोली मातीची, वर माळवद, भिंतीपलीकडे गोठा. सगळं छान, फक्त भिंतींवर पांढरट ओघळ आहेत आणि उग्र वास येतो. मला डाग खपत नाही. माझ्या हाती लागला तर मी चंद्रही घासून ठेवीन, असं नागेश चिडवतो.

२६ जून

उत्तरेला उशी करायची नाही, हा अक्कांचा हुकूम. मग खाट एकाच प्रकारे बसते आणि गोठ्याची भिंत यशूच्या डाव्या गालाशी येते. लग्न होऊन आल्यावर अक्काही इथेच निजायच्या म्हणे.

मच्छरदाणी लावलीय. डासांची गुणगुण अजिबात नाही. आधी भालकीला राहायचो, तिथे तर नुसता छळ होता. इथे किती शांत!

२० जुलै

पंचमी तोंडावर आली. त्या ओघळांनी माझी नुसती चुळबुळ चालली होती, आज अक्कांना बोललेच. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात सरकारची माणसं फवारून गेलीत, भिंतीला हात लावू नका म्हणत होती. "पण पंचमीला असली भिंत कोण ठेवतंय, बाई? चला, सारवून टाकू की."

मी पदर खोचलाच. शेण, लाल माती, पाणी. अक्का आणि मी एकाच घमेल्यात हात घालून सारवत होतो. माझ्या आजीला कुणी अशा घराच्या ओसरीवरसुद्धा येऊ दिलं नसतं. डोळे भरून आले, ते मी शेणाच्या वासावर ढकललं. यशूने खाटेशेजारी ओल्या भिंतीवर आपला पंजा उमटवला. अक्का म्हणाल्या, आता ही आमच्या घरचीच.

९ ऑगस्ट

यशूचा पंजा वाळलाय, करंगळीपासून एक फट गेलीय. पावसाने भिंतीला ओल धरलीय.

संध्याकाळी फटीच्या तोंडाशी काहीतरी फिकट, केसाळ, तिळाहून लहान दिसलं. उडालं नाही, टुणकन उड्या मारत गेलं. दुसरं तसंच. मच्छरदाणीच्या भोकातून तिसरं सहज आत. आवाज नाहीच. हात मारला तर बोटाला नुसती धूळ.

मला झोप लागेनाशी झालीय. गुणगुण असती तर बरं झालं असतं.

५ सप्टेंबर

यशूच्या डाव्या गालावर लाल पुटकुळी. दुखत नाही म्हणते. हळद लावली.

११ सप्टेंबर

पुटकुळी फुटली. कडा उचललेल्या, मधे खळगा. तरी दुखत नाही. लेकरू खेळतंय आणि मी तिच्यामागे आरसा लपवत फिरतेय.

अण्णा दूध द्यायला आले. त्यांच्या मनगटावर तसंच, पण मोठं, ओलं. वर्ष झालं म्हणाले. "दुखत न्हाई तर कामून दवाखाना?" ते गोठ्यात निजतात. भिंतीला लागून, पलीकडे.

१३ सप्टेंबर

बीदरला नेलं. डॉक्टरांनी जखमेच्या कडेचं खरवडून तपासलं. वाळूमाशी. अशी जखम असलेल्याचं रक्त ती पिते, जंतू तिच्या पोटात वाढतात, पुढच्या चाव्यात ती ते दुसऱ्याच्या कातडीत सोडते. पिल्लं वाढतात ओल्या मातीत, शेणात, फटींत. महिन्या-दोन महिन्यांनी पुटकुळी येते.

म्हणजे चावली ती पंचमीच्या सुमाराला. म्हणजे मी—

जखमेतच सुया टोचायच्या, बऱ्याच वेळा. बरी होईल, व्रण मात्र राहील. भिंत फवारलेली नव्हती का, त्यांनी विचारलं. होती. मी पुसली. यशू सुईला ओरडली, मी तिचे हात धरून ठेवले.

१५ सप्टेंबर

पाठपुरावा करून फवारणी करवली. पुन्हा पांढरे ओघळ. मी त्यांच्याकडे बघत बसते, जीव शांत होतो. अण्णांनाही औषधाला पाठवलं. अक्कांना सांगितलं, भिंतीला हात लावायचा नाही. त्यांनी मान हलवली. माझ्याकडे नाही, यशूच्या गालाकडे बघत होत्या.

१८ सप्टेंबर

फटीतून काही येत नाही. तरी बसवत नाही. उठते, बघते, बसते, उठते. यशू विचारते, आई, तुला काय चावतंय?

२० सप्टेंबर, दिवेलागण

शाळेतून आले तर गल्लीभर गोधड्या वाळत घातलेल्या. घरोघर दसरा काढायलेत, धुणं-सारवणं चाललंय. धावले.

भिंत ओली. लाल, गुळगुळीत, सुरेख. एक ओघळ नाही. अक्का कोपरापर्यंत शेणात, घामाघूम, हसतायत. "घट बसायच्या आत उरकलं बघा. तुमाला डाग खपत न्हाई म्हणालतासा न्हवं?"

सत्तरीची बाई. दिवसभर राबली. माझ्यासाठी. काय बोलू?

मी सांगितलं होतं की, म्हटलं. तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, घाबरू नका, ह्या घरात सगळ्यास्नी येतंय, मला आलं, सासूला आलं, आता ही खरी आमची झाली.

मी त्यांचा हात झटकला. पहिल्यांदाच. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

औरादची जीप गेली. उद्या पहाटे निघायचं. अक्कांच्या खोलीतही ओल्या भिंती, बाहेर गोठा. वीज गेलीय. कंदिलाशी लिहितेय.

यशूचा नवा ठसा आहे भिंतीवर. पंजा नाही. गाल टेकवलाय तिने. ओल्या मातीत गोल गाल, आणि मधोमध— पट्टी कधी काढली हिने?

गाल धुतला. तीनदा. पट्टी लावली. नागेशची लुंगी तोंडावरून गुंडाळली, श्वासापुरती फट ठेवून. झोपलीय. गुदमरेल का? थोडं सैल केलं. नको— पुन्हा घट्ट.

फट नाही कुठे. नवी माती, फट कशी असेल. बघून आले. नाही.

करंगळी होती तिथे एक रेघ—

वाळताना पडतेच. वाळताना—

आवाज नाही.

पानावर एक. फिकट. टुणकन. पेनाजवळ. दुसरं. मारू तर कंदील— यशूवर वाकून बसते, तिच्यापर्यंत जाऊ देणार नाही, माझ्यावर बसा, मला घ्या, हा माझा डावा